जुन्या वृत्तपत्रांतून पूर्वजांचा शोध

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहावे, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली तेव्हा प्रथम मनात आले ते आपल्या समारंभांतून नेहमी कानी पडणारे एक वाक्य. नव्याने आलेल्या कुटुंबाची ओळख होताच कोणी तरी वडीलधारी व्यक्ती विचारते, "आपण मूळचे कुठले?" ज्यांच्या दोन पिढ्या इकडे झाल्या ते गावाचे नाव सांगतात. ज्यांच्या चार पिढ्या झाल्या ते क्षणभर घुटमळतात आणि म्हणतात, "मूळचे कोकणातले म्हणे." प्रस्तुत लेखकही या दुसऱ्या वर्गातला. या 'म्हणे'च्या पलीकडे जाता येईल काय, याचा शोध गेली काही वर्षे मी जुन्या वृत्तपत्रांच्या आधारे घेत आहे. त्या शोधाची ही हकीकत आहे.

आमच्या पणजोबांविषयी घरात एवढेच ठाऊक होते की ते तरुणपणी पूर्वेकडे आले आणि कलकत्त्याच्या एका छापखान्यात मुद्रिते तपासण्याचे काम करू लागले. आजी सांगे की त्यांच्या उजव्या हाताच्या बोटांवरची शाई सणावारीही जात नसे. छायाचित्र नाही, पत्र नाही, मृत्यूचे वर्ष नाही. श्राद्धाची तिथी तेवढी ठाऊक. मुद्रिते तपासणाऱ्याचा मागोवा छापील कागदांतच लागेल, या भाबड्या समजुतीने मी जुन्या फायलींकडे वळलो.

पहिली काही वर्षे व्यर्थ गेली, आणि त्याला कारण माझीच चूक. मराठी माणसाचा शोध मराठी पत्रांतच घ्यावयाचा, असे मी गृहीत धरले होते. पुण्याचा 'ज्ञानप्रकाश' १८४९ चा, मुंबईचा 'इंदुप्रकाश' १८६२ चा, 'केसरी' १८८१ चा. यांच्या जुन्या अंकांत महाराष्ट्राचे त्या काळचे जीवन मोठ्या तपशिलाने सापडते. परंतु घर सोडून हजार मैल दूर गेलेला एक सामान्य गृहस्थ त्यांत का यावा? मायदेशीच्या पत्राला तो दिसत नाही. ज्या नगरीत त्याने भाडे भरले, बाजार केला, वर्गणी दिली आणि देह ठेवला, त्या नगरीच्या पत्रांत तो असलाच तर असतो. आणि ती पत्रे आपल्या भाषेत नसतात. ही साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली ती दुसऱ्याच एका पूर्वजामुळे. तो माझ्या एकट्याच्या घराण्याचा नव्हे. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपणां सर्वांचा तो पूर्वज म्हणावयास हरकत नाही.

सखाराम गणेश देऊसकर यांचे नाव बंगालमध्ये आजही आदराने घेतले जाते. महाराष्ट्रात ते फारसे कोणाला ठाऊक नाही. त्यांचा जन्म १७ डिसेंबर १८६९ रोजी देवघरनजीकच्या करों या गावी झाला. हा प्रदेश तेव्हा बंगाल इलाख्यात होता, आज तो झारखंडात आहे. घराणे मूळचे कोकणातल्या देऊस गावचे, त्यावरून आडनाव. मराठ्यांच्या अठराव्या शतकातील हालचालींच्या काळात ते पूर्वेकडे येऊन स्थायिक झाले असे चरित्रकार सांगतात. लहानपणीच आई गेली. मराठी वाङ्मयाची जाण असलेल्या आत्याने त्यांचा सांभाळ केला. घरात मराठी आणि दारात बंगाली, ही आपल्या मुलांची परिचित अवस्था त्यांचीही होती. देवघरच्या शाळेत ते शिकले आणि तेथेच शिक्षक झाले. तेथील इंग्रज मॅजिस्ट्रेटच्या कारभारावर त्यांनी कलकत्त्याच्या 'हितवादी' पत्रात लेख लिहिले. त्यापायी शिक्षकाची नोकरी सोडण्याची पाळी आली. पुढे त्याच 'हितवादी'त ते मुद्रितशोधक म्हणून रुजू झाले आणि कालांतराने संपादकपदापर्यंत पोहोचले.

मुद्रितशोधक हा शब्द वाचताच मी थबकलो, हे सांगावयास नकोच. माझ्या पणजोबांचाच व्यवसाय, नगरी तीच आणि काळही जवळपास तोच. त्या दिवसापासून मी देऊसकरांचा मागोवा घेऊ लागलो, आणि परप्रांतीच्या पूर्वजाला जुन्या वृत्तपत्रांत कसे शोधावे याचा धडा त्यांच्याच निमित्ताने मिळाला.

त्यांच्या कार्याची थोरवी थोडक्यात सांगणे अवश्य आहे. अठराव्या शतकात १७४० नंतरची दहा वर्षे नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्यांनी बंगालला जर्जर केले. तेथल्या अंगाईगीतांत मुलाला भीती घालावयाची ती बर्गींची, म्हणजे मराठी घोडेस्वारांची. अशा भूमीत एका मराठी माणसाने १९०२ पासून शिवजयंतीचा उत्सव रुजविण्यात पुढाकार घेतला. त्यांच्या 'शिवाजीर दीक्षा' या पुस्तिकेसाठी १९०४ मध्ये रवींद्रनाथांनी 'शिवाजी उत्सव' ही कविता दिली. १९०६ च्या जूनमधील उत्सवाला लोकमान्य टिळक स्वतः कलकत्त्यास आले. १९०४ मध्येच देऊसकरांचा 'देशेर कथा' हा ग्रंथ निघाला. इंग्रजी अमलात देशाचे धन कसे ओसरले याचे आकडेवारीनिशी विवेचन त्यात होते. थोड्याच वर्षांत त्याच्या पाच आवृत्त्या आणि सुमारे १३,००० प्रती खपल्या. १९१० मध्ये सरकारने तो जप्त केला. बंगालमध्ये 'स्वराज्य' हा शब्द देऊसकरांच्या शिवचरित्रातून आला, असे श्रीअरविंदांनी नमूद केले आहे. १९०७ च्या डिसेंबरात सुरतेस काँग्रेस फुटली. टिळकांविरुद्ध लिहावे अशी पत्राच्या चालकांची इच्छा होती. देऊसकरांनी लेख लिहिला नाही, संपादकपद सोडले. २३ नोव्हेंबर १९१२ रोजी, वयाची त्रेचाळीस वर्षेही पुरी होण्याआधी, ते निवर्तले.

एवढा मोठा माणूस, परंतु 'हितवादी'च्या फायली उघडाव्यात तर प्रत्येक लेखाखाली त्यांचे नाव असेल ही अपेक्षा फोल ठरते. त्या काळी अग्रलेखाखाली सही करण्याची चाल नव्हती. कायद्याचेही याला एक अंग आहे. १८६७ च्या पंचविसाव्या कायद्याने प्रत्येक वृत्तपत्रावर मुद्रकाचे व प्रकाशकाचे नाव छापणे बंधनकारक केले, संपादकाचे मात्र नव्हे. ते बंधन आले १९२२ मध्ये. त्यामुळे देऊसकरांच्या सर्व हयातीत संपादकाला पडद्याआड राहता येत होते, आणि राजद्रोहाच्या खटल्यांच्या काळात तशी आवश्यकताही होती. वाचकहो, आपला पूर्वज १९२२ पूर्वी एखाद्या पत्रात लिहीत असेल आणि त्याचे नाव आढळत नसेल, तर तो तेथे नव्हताच असा निष्कर्ष काढू नये. उलट, तो मुद्रक किंवा प्रकाशक असेल, तर शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक टाइपातली एक ओळ अवश्य पाहावी. गल्लीसह पत्ता तेथेच सापडतो.

मग निनावी संपादकाचा माग लागावा कसा? येथे एक अनपेक्षित साधन उपयोगी पडते. १८६० च्या दशकापासून प्रांतिक सरकारे देशी भाषांतील पत्रांचा साप्ताहिक गोषवारा इंग्रजीत तयार करवीत. सरकारी भाषांतरकार दर आठवड्यास पत्रे वाचून कोणत्या पत्राने कोणत्या तारखेस काय लिहिले याचे सारांश क्रमांकवार देत, आणि ते वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे जात. उद्देश अर्थातच नजर ठेवण्याचा. पण आज या अहवालांचे मोल वेगळे आहे. मूळ पत्रांचे कित्येक अंक वाळवी, पूर आणि अनास्था यांनी खाल्ले. त्यांतील मजकूर या अहवालांतून तेवढा उरला. विसाव्या शतकाच्या आरंभापासूनच्या मुंबई इलाख्याच्या अहवालांना पत्रांची जी यादी जोडलेली असे, तीत पत्राचे नाव, गाव, खप आणि संपादकाचे नाव, जात व वय यांचे रकाने असत. वंशावळ जुळविणाऱ्यास वयाचा तो आकडा फार मोलाचा. अहवालाच्या वर्षातून वय वजा केले की जन्मवर्ष एक-दोन वर्षांच्या फरकाने हाती येते. ज्यांनी लेखणीवर पहारा बसविला त्यांच्याच दप्तरातून आज तिचा पत्ता लागतो. हे अहवाल आता बऱ्याच अंशी छायाप्रतींच्या रूपाने घरबसल्या पाहता येतात.

दुसरी अडचण नावांची. बंगालीत 'व' चा उच्चार 'ब' होतो. 'हितवादी' रोमन लिपीत कधी 'हिताबादी' होतो, आणि विनायक तेथे बिनायक होतात. आपला 'ळ' बंगालीतही नाही आणि हिंदीतही नाही, त्याच्या जागी 'ल' बसतो. हिंदीत आपले पराडकर ठिपका घेऊन 'पराड़कर' होतात. इंग्रजी पत्रांतली तऱ्हा याहून निराळी. सातारच्या छत्रपतींचे वकील रंगो बापूजी सुमारे १४ वर्षे लंडनमध्ये न्यायासाठी झगडत राहिले. तेथल्या छापील कागदांत त्यांचा शोध घ्यावयाचा तर 'रंगो' 'यू' अक्षराने आणि 'बापूजी'चा शेवट दोन 'ई' लावून लिहिलेला पाहावा लागतो. म्हणून प्रथम एका कागदावर आपल्या आडनावाची शक्य तितकी रूपे, तीनही लिप्यांत, लिहून काढावीत आणि मगच फायलींना हात घालावा. यंत्राकडून अक्षरे ओळखून शोध घेण्याची सोय आता झाली आहे. परंतु शिळाछापाची पुसट पाने आणि तुटके खिळे यांपुढे ते यंत्र वारंवार हात टेकते. तेथे अजून डोळेच खरे.

तिसरी अडचण कालगणनेची. आपल्याकडे शके लिहिण्याची चाल. त्यात ७८ मिळविले की इसवी सन येतो, जानेवारीपासून वर्षअखेरीच्या महिन्यांसाठी ७९. बंगाली सनात ५९३ मिळवावेत, आणि जानेवारी ते एप्रिलचा मध्य या काळासाठी ५९४. उत्तरेकडील विक्रम संवतातून ५७ वजा करावेत, जानेवारीनंतरच्या महिन्यांसाठी ५६. याहून सूक्ष्म घोटाळा महिन्यांचा आहे. आपला महिना अमावास्येस संपतो, उत्तरेत तो पौर्णिमेस संपतो. काशीचे 'आज' हे प्रसिद्ध दैनिक ५ सप्टेंबर १९२० रोजी जन्माष्टमीस सुरू झाले. आपल्या पंचांगाप्रमाणे तो दिवस श्रावण वद्य अष्टमी, आणि काशीच्या पंचांगाप्रमाणे भाद्रपद कृष्ण अष्टमी! दिवस एक, महिने दोन. घरात पाळली जाणारी श्राद्धतिथी वद्य पक्षातली असेल आणि मृत्यू उत्तरेत झाला असेल, तर वृत्तपत्रात शोध घेताना दोन्ही महिने पाहावेत. मी पहिल्या खेपेस एकच पाहिला होता.

'आज'चे नाव निघाले म्हणून त्याच्या संपादकांचाही उल्लेख करतो. बाबूराव विष्णु पराडकर हे देऊसकरांचे भाचे. त्यांचा जन्म १८८३ मध्ये काशीस झाला. मामांच्या ओढीने ते कलकत्त्यास आले, हिंदी पत्रांत काम करू लागले, आणि मामांचा 'देशेर कथा' त्यांनी 'देश की बात' या नावाने हिंदीत आणला. पुढे १९१६ पासून सुमारे चार वर्षे त्यांनी स्थानबद्धतेत काढली आणि सुटून आल्यावर 'आज'ची धुरा उचलली. १९५५ मध्ये ते निवर्तले तेव्हा हिंदी वृत्तपत्रसृष्टीने आपला भीष्माचार्य गेला म्हणून शोक केला. मामा बंगालीत, भाचा हिंदीत. घरची भाषा मराठी. दोघांचेही छापील कार्य पाहावयाचे तर मराठी फायलींत ते मिळणार नाही.

त्याच काशीत त्यांच्याही आधी एक मराठी नाव आढळते. १८४५ मध्ये राजा शिवप्रसाद यांच्या आश्रयाने 'बनारस अखबार' निघाला, शिळाछापाचा, नागरी लिपीचा पण उर्दू-फारसी शब्दांनी भरलेला. त्याचे संपादक गोविंद रघुनाथ थत्ते. हिंदी पत्रकारितेच्या इतिहासात त्यांचे नाव एका ओळीत येते, आणि तेवढ्या ओळीवर हा मराठी गृहस्थ दीडशेहून अधिक वर्षे टिकून आहे. पुष्कळ काळ 'बनारस अखबार' हेच हिंदीतले पहिले पत्र मानले जाई. १९३१ मध्ये ब्रजेंद्रनाथ बंद्योपाध्याय यांनी कलकत्त्यात जुन्या फायली धुंडाळून ३० मे १८२६ रोजी निघालेला 'उदन्त मार्तंड' उजेडात आणला, आणि पहिलेपणाचा मान तिकडे गेला. याच ब्रजेंद्रनाथांनी 'समाचार दर्पण' पत्रातले उतारे निवडून 'संवादपत्रे सेकालेर कथा' हे खंड सिद्ध केले. लग्ने, खटले, देणग्या, जत्रा, निधने असा सामान्य जीवनाचा पट त्यांनी केवळ जुन्या बातम्यांतून उभा केला. वृत्तपत्र हे इतिहासाचे साधन कसे होते, हे पाहावयाचे असेल त्याने ते खंड अवश्य चाळावेत.

मात्र छापलेले सर्वच प्रमाण मानू नये. 'दर्पण'चा पहिला अंक ६ जानेवारी १८३२ चा. त्याचे संपादक बाळशास्त्री जांभेकर यांची जन्मतारीख कोठे ६ जानेवारी तर कोठे २० फेब्रुवारी १८१२ अशी आढळते. आद्य मराठी संपादकाचीच ही गत, तर आपल्या पणजोबांची काय कथा! बातमी, सरकारी नोंद आणि घरची आठवण, या तिघांपैकी दोघांची साक्ष जुळेल तेव्हाच निश्चित म्हणावे.

आता माझ्या शोधाचे फलित सांगतो. पणजोबांचे नाव 'व'ने सुरू होणारे आणि आडनावात 'ळ'. इतकी वर्षे मी ते 'ब' आणि 'ल' घालून कधी पाहिलेच नव्हते. तसे पाहू लागल्यावर एका बंगाली साप्ताहिकाच्या जुन्या अंकात, दुष्काळ निधीच्या देणगीदारांच्या लांब यादीत, एक नाव आढळले. पुढे रक्कम: एक रुपया. आद्याक्षरे जुळतात, वर्ष जुळते. व्यवसायाचा उल्लेख नाही. तो गृहस्थ आमचाच, असे मी शपथेवर सांगू शकणार नाही. वंशावळीच्या कागदावर मी ती नोंद पेन्सिलीने केली आहे आणि पुढे 'संभाव्य' असे लिहिले आहे. दुसरी साक्ष मिळाली तर माझा मुलगा किंवा नात ती शाईने लिहील.

तो अंक मिटताना एक विचार मनात आला. मुद्रितशोधकाचे नाव पत्रात कोठेच नसते. परंतु त्या यादीत शेकडो नावे होती, आणि प्रत्येक नावाचा काना-मात्रा कोणी तरी दिव्याच्या उजेडात तपासला होता. तो हात माझ्या पणजोबांचा नसेलही, पण त्यांच्यासारख्याच कोणाचा तरी होता. त्याने परक्यांची नावे नीट लिहिली म्हणून आज त्यांच्या पणतवंडांना ती सापडतील.

आपल्या मंडळाने पन्नास वर्षांत गणेशोत्सव केले, नाटके केली, व्याख्याने करविली. त्यांच्या बातम्या येथल्या स्थानिक पत्रांत, येथल्या भाषेत आल्या असतील. ती कात्रणे कोणाच्या ट्रंकेत, कोणाच्या जुन्या फायलीत पडून असतील. ती एकत्र करावीत, प्रत्येकावर पत्राचे नाव व तारीख लिहावी, छायाचित्रांमागे माणसांची पूर्ण नावे आणि मूळ गावे लिहावीत, अशी माझी मंडळास विनंती आहे. भोपाळमध्ये १९८४ साली जुन्या वृत्तपत्रांचे एक थोर संग्रहालय उभे राहिले; त्याला नाव दिले आहे 'छत्तीसगढ़ मित्र'कार माधवराव सप्रे यांचे, म्हणजे हिंदीची सेवा करणाऱ्या एका मराठी माणसाचेच. तेवढे मोठे कार्य आपल्या हातून होणार नाही. एक कपाट भरणे मात्र खचित होईल. आणखी पन्नास वर्षांनी या सभागृहात कोणी तरी कोणाला "आपण मूळचे कुठले?" असे विचारील, तेव्हा त्या मुलाला उत्तरासाठी ते कपाट उघडता यावे.